विश्लेषण : आधी मूल, मग केसपेपर! गंभीर बालरुग्णांसाठी ‘ईटॅट’ प्रशिक्षण का महत्त्वाचे?

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सोमवारी सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे लांबलचक रांग असते. कडेवर मुले घेतलेल्या आया, सोबत आजी, मामा. बहुतेक मुलांना सर्दी-ताप, खरूज नाहीतर जुलाब. ती रडत असतात, हट्ट करत असतात. एखादे मूल मात्र न रडता आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेले असते. रांगेतील सर्वांत आजारी मूल बहुधा तेच असते. त्याला वेळीच ओळखायचे कोणी आणि ओळखल्यावर पहिल्या दहा मिनिटांत करायचे काय, हे शिकवणाऱ्या प्रशिक्षणाला ‘इमर्जन्सी ट्रायाज असेसमेंट अँड ट्रीटमेंट’ म्हणजेच ‘ईटॅट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हा अभ्यासक्रम अनेक गरीब देशांत वापरला जातो. भारतातील सरकारी प्रशिक्षणातही तो आहे.

रुग्णालयात पोहोचूनही मुले का दगावतात?

जगात 2022 मध्ये पाच वर्षांखालील सुमारे 49 लाख मुलांचा मृत्यू झाला. त्यातील अनेक मुले रुग्णालयापर्यंत पोहोचलीच नाहीत, हे खरे. पण जी पोहोचली त्यांचे काय? गरीब देशांतील रुग्णालयांत मुलांचे बरेचसे मृत्यू दाखल झाल्यापासून पहिल्या 24 तासांत होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निरीक्षण आहे. आजार बळावल्यावर मूल आणले जाते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण रुग्णालयाच्या आतले आहे.

सात विकसनशील देशांतील 21 रुग्णालयांची पाहणी 2001 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक मुलांना प्रतिजैविके, सलाईन, आहार किंवा प्राणवायू यांपैकी काहीतरी चुकीचे किंवा अपुरे मिळाले होते. आलेल्या मुलांतून गंभीर मुले वेगळी काढण्याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी नव्हती. औषधे कपाटात आणि डॉक्टर इमारतीत असले, तरी मूल रांगेत राहत होते.

मुलांचे शरीर हा या गोष्टीतला फसवा भाग. मोठ्या माणसाचा रक्तदाब घसरू लागला की धोका लवकर कळतो. लहान मूल रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाचे ठोके वाढवून रक्तदाब बराच वेळ टिकवून धरते. तोवर ते ‘जरा मलूल’ एवढेच वाटते. तो घसरतो तेव्हा हातात थोडाच वेळ उरलेला असतो. श्वासनलिका अरुंद असल्याने थोड्याशा सुजेनेही ती बंद पडते. यकृतातील साखरेचा साठा लहान असल्याने काही तास उपाशी राहिलेल्या आजारी मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. म्हणून मुलांच्या बाबतीत ‘दुपारी राउंडला बघू’ हे चालत नाही.

ही पद्धत आली कुठून?

‘ट्रायाज’ हा शब्द फ्रेंच, अर्थ निवडून वेगळे करणे. रणांगणावर जखमींपैकी आधी कोणाला हात लावायचा, हे ठरवण्याची ही लष्करी रीत. ब्रिटनमध्ये मुलांच्या तातडीच्या उपचारांचा जो अभ्यासक्रम होता, त्याच्या आधारे 1990 च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने कमी साधनांच्या रुग्णालयांसाठी सोपी आवृत्ती तयार केली. आफ्रिकेतील मलावी या देशात ती घडली. नंतर अंगोला, ब्राझील, कंबोडिया, इंडोनेशिया, केनिया आणि नायजर येथे ती वापरून पाहिली गेली. प्रशिक्षणाची पुस्तिका 2005 मध्ये आली.

मलावीतील ब्लँटायर शहराच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते. तेथील बालरोगतज्ज्ञ एलिझाबेथ मॉलिन्यू आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या बाह्यरुग्ण विभागाची घडीच बदलली. आलेल्या प्रत्येक मुलाकडे आधी प्रशिक्षित नजर टाकायची, गंभीर मुलाला थेट उपचारांच्या टेबलावर न्यायचे, त्या टेबलाशी प्राणवायू, औषधे आणि सुया तयार ठेवायच्या, कर्मचाऱ्यांना याचे प्रशिक्षण द्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात 2006 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. दाखल मुलांमधील मृत्यूचे प्रमाण आधी 10 ते 18 टक्के होते, बदलांनंतर ते 6 ते 8 टक्क्यांवर आले. या काळात इतरही सुधारणा झाल्याने सगळे श्रेय एकट्या प्रशिक्षणाला देता येणार नाही. तरीही महागडी यंत्रे न आणता मिळालेले हे यश लहान नाही.

एका मिनिटात नेमके काय पाहायचे?

प्रशिक्षणाचा गाभा इंग्रजी मुळाक्षरांच्या पहिल्या चार अक्षरांत बसवला आहे : ए, बी, सी, डी. ‘ए’ म्हणजे श्वासमार्ग, ‘बी’ म्हणजे श्वास. मूल श्वास घेते आहे का, घरघर किंवा अडथळ्याचा आवाज येतो का, जीभ निळसर पडली आहे का, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो का? आपल्याकडच्या आया याला ‘पोट उडतंय’ म्हणतात आणि ते वर्णन अचूक असते.

‘सी’ तीन गोष्टींसाठी. पहिली, रक्ताभिसरण. मुलाचा हात हातात घ्यायचा. तो ऊबदार असेल तर बहुतेक वेळा पुढे जायचे. थंड असेल तर नखावर किंचित दाब देऊन सोडायचा आणि गुलाबी रंग परत यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. तीनपेक्षा जास्त लागले, शिवाय नाडी क्षीण आणि जलद असली, तर मूल ‘शॉक’मध्ये आहे. या तपासणीला यंत्र लागत नाही, सेकंद मोजता आले की पुरते. दुसरी गोष्ट बेशुद्धी : हाक मारल्यावर किंवा वेदना दिल्यावर मूल प्रतिसाद देते का? तिसरी, आकडी चालू आहे का? ‘डी’ म्हणजे शरीरातील पाणी धोकादायक पातळीपर्यंत कमी होणे. जुलाब होणारे मूल सुस्त आहे का, डोळे खोल गेलेत का, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी पूर्ववत व्हायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो का?

यातील एकही तातडीचे लक्षण दिसले, की तपासणी तिथेच थांबवून उपचार सुरू करायचे. श्वासाचा प्रश्न असेल तर तो सोडवूनच पुढच्या अक्षराकडे जायचे. मदतीसाठी मोठ्याने हाक मारायची, डॉक्टर येईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. केसपेपर, वजन, नाव-गाव हे सगळे नंतर.

तातडीचे लक्षण नसलेल्या मुलांत दुसरा गट शोधायचा. दोन महिन्यांहून लहान बाळ, खूप ताप, इजा, फिकटपणा, विषबाधा, तीव्र वेदना, धाप, चिडचिड किंवा सुस्ती, दुसऱ्या रुग्णालयाची तातडीची चिठ्ठी, हाडांचा सापळा झालेले कुपोषण, दोन्ही पायांवर सूज, मोठे भाजणे. यातले काहीही असेल तर मुलाला रांगेच्या पुढे आणायचे. उरलेली मुले रांगेत थांबू शकतात. सरावलेल्या परिचारिकेला हे सगळे पाहायला एक मिनिटही लागत नाही.

वाचायला हे सोपे वाटते. पण शंभर मुलांच्या गर्दीत, रात्रपाळीत, एकीकडे प्रसूती कक्षातून बोलावणे आलेले असताना हाच क्रम न चुकता पाळणे अवघड असते. त्यामुळेच ‘माहिती आहे’ आणि ‘हाताला सवय आहे’ यांत फरक करावा लागतो.

प्रशिक्षण नेमके कोणाला द्यायचे?

डॉक्टर आणि परिचारिकांना, हे उघड आहे. पण मुलाला सर्वांत आधी पाहतो तो फाटकावरचा सुरक्षारक्षक किंवा केसपेपर लिहिणारा कारकून. आकडी येत असलेल्या मुलाच्या वडिलांना ‘आधी पेपर काढा’ असे सांगणारा माणूसही बहुतेकदा यांपैकीच असतो. दुष्टपणाने नव्हे, त्याला तेवढेच सांगितलेले असते म्हणून. रुग्ण हाताळणाऱ्या पण वैद्यकीय शिक्षण नसलेल्या अशा कर्मचाऱ्यांनाही तातडीची ठळक लक्षणे ओळखता यावीत, अशी ‘ईटॅट’ची भूमिका आहे. त्यांनी उपचार करायचे नाहीत, फक्त मुलाला योग्य दारापर्यंत नेऊन आवाज द्यायचा.

मूळ अभ्यासक्रम साडेतीन दिवसांचा आहे. व्याख्याने मोजकी, हाताने करण्याचा भाग जास्त. बाहुलीवर ॲम्बू बॅगने श्वास देणे, घशात अडकलेली वस्तू पाठीवर थोपटून काढणे, शीर सापडत नसेल तर पायाच्या हाडात सुई घालून सलाईन देणे, आकडी थांबवण्याचे औषध गुदमार्गाने देणे. हे शेवटचे कौशल्य ग्रामीण रुग्णालयात सोन्याच्या मोलाचे, कारण झटके येणाऱ्या मुलाची शीर शोधण्यात वेळ जातो आणि गुदमार्गाने औषध देणे परिचारिकेला लगेच जमते. सोबत बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासायची. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या मुलात साखर उतरलेली असेल, तर शिरेतून ग्लुकोज देऊन ते शुद्धीवर येऊ शकते.

सलाईनचा धडा का बदलावा लागला?

शॉकमधील मुलाला भराभर सलाईन द्यायचे, हे जगभरच्या डॉक्टरांना पाठ होते. श्रीमंत देशांतील अतिदक्षता विभागांतून आलेला हा नियम आफ्रिकेतील जिल्हा रुग्णालयांतही शिकवला जात होता. केनिया, युगांडा आणि टांझानियातील सहा रुग्णालयांत कॅथरिन मेटलँड यांच्या नेतृत्वाखाली त्याची पहिली मोठी परीक्षा झाली. ‘फीस्ट’ नावाच्या या चाचणीत तीव्र ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या तीन हजारांहून अधिक मुलांचा समावेश होता. जुलाबाची आणि तीव्र कुपोषित मुले त्यातून वगळली होती. काही मुलांना जलद सलाईन, काहींना अल्ब्युमिनचे द्रावण आणि उरलेल्यांना नेहमीच्या संथ गतीने द्रव देण्यात आले.

निकाल उलटा लागला. जलद द्रव दिलेल्या दोन्ही गटांत 48 तासांत सुमारे साडेदहा टक्के मुले दगावली, तर संथ गतीच्या गटात 7.3 टक्के. म्हणजे दर शंभर मुलांमागे तीन जादा मृत्यू आणि तेही ज्या उपायाने जीव वाचतो असे मानले जात होते त्यामुळे. चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा बालरोगतज्ज्ञांमध्ये मोठा वाद झाला. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ईटॅट’विषयीची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे येण्यासाठी मात्र 2016 साल उजाडले. आता हात-पाय थंड, रंग परत यायला तीन सेकंदांहून अधिक वेळ आणि क्षीण-जलद नाडी ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील तरच मूल शॉकमध्ये आहे असे धरतात. त्यालाही अर्धा ते एक तास घेऊन, वारंवार तपासत द्रव द्यायचा. जुलाबाने पाणी घटलेल्या मुलाचे वेगळे. त्याला सलाईन लवकर आणि भरपूरच लागते.

म्हणजे एकाच बाटलीने एका मुलाचा जीव वाचतो आणि दुसऱ्याचा जातो. तीव्र कुपोषित मुलाचे हृदय अशक्त असते, शिवाय त्याचे डोळे आणि कातडी पाणी कमी नसतानाही तशीच दिसते. मेळघाट किंवा नंदुरबारच्या अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी हा पुस्तकी बारकावा नाही, तेथे अशी मुले नेहमीच येतात. दहा वर्षांपूर्वी एकदा प्रशिक्षण घेतले आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावले, एवढ्यावर भागत नाही ते यामुळे. शिकलेले जुने होते, कधी कधी चुकीचेही ठरते.

एकदा शिकवले की काम झाले का?

केनियाने याचे उत्तर शोधले. तेथे ‘ईटॅट’मध्ये नवजात बाळांचे आणि दाखल मुलांचे उपचार जोडून ‘ईटॅट प्लस’ हा लांब अभ्यासक्रम तयार झाला. आठ जिल्हा रुग्णालयांत दीड वर्ष अभ्यास करण्यात आला. चार रुग्णालयांना मार्गदर्शिका, थोडक्यात प्रशिक्षण आणि लेखी अहवाल मिळाले. उरलेल्या चारांना पूर्ण प्रशिक्षण, रुग्णालयातच नेमलेला एक मदतनीस, नियमित भेटी आणि समोरासमोर चर्चा मिळाली. दुसऱ्या चार रुग्णालयांतील उपचारांचा दर्जा स्पष्टपणे अधिक सुधारला. कागद पाठवून फार फरक पडत नाही, कोणीतरी पाठपुरावा करावा लागतो, हा त्याचा अर्थ.

आपल्याकडे याला बदल्यांची जोड मिळते. प्रशिक्षित परिचारिका बाल विभागातून शस्त्रक्रियागृहात जाते, कंत्राटी डॉक्टर वर्षभरात पदव्युत्तर प्रवेश मिळवून निघून जातो आणि अतितातडीचा कोपरा पुन्हा अनोळखी हातांत जातो. पुनरुज्जीवनाची कौशल्ये वापर नसेल तर काही महिन्यांतच पुसट होतात. त्यावर उपाय स्वस्त आहे : महिन्यातून एकदा पंधरा मिनिटांची रंगीत तालीम. बाहुली टेबलावर ठेवायची, घड्याळ लावायचे आणि प्राणवायू सुरू व्हायला किती वेळ लागला ते पाहायचे. नळकांडे रिकामे आहे किंवा लहान मुलाचा मास्क सापडत नाही, हे अशा तालमीतच कळलेले बरे.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

केंद्र सरकारने 2009 मध्ये ‘एफ-आयएमएनसीआय’ हे रुग्णालयातील बाल व नवजात उपचारांचे प्रशिक्षण आणले. तातडीची वर्गवारी आणि उपचार हा त्याचा पहिलाच भाग आहे. जिल्हा रुग्णालयांतील बाल विभाग बळकट करण्याच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठी स्वतंत्र तातडीची जागा सांगितली आहे. बालस्नेही आरोग्यसेवेची गुणवत्ता तपासणारा ‘मुस्कान’ उपक्रम 2021 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी करोनाच्या तिसऱ्या लाटेत मुलांना धोका असल्याच्या चर्चेनंतर 23,123 कोटी रुपयांच्या केंद्रीय योजनेत देशातील सर्व, म्हणजे 736 जिल्ह्यांत बालरोग कक्षांची तरतूद झाली.

यंत्रांसाठी पैसा निघतो, फीत कापता येते, छायाचित्र छापून येते. प्रशिक्षणाचे असे काही दिसत नाही. मात्र व्हेंटिलेटर चालवणारा कोणी नसेल तर त्याचा उपयोग नाही, आणि त्या खाटेपर्यंत मूल जिवंत पोहोचले नाही तर त्याहून नाही.

महाराष्ट्राचा पाच वर्षांखालील बालमृत्यूदर 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीत हजारी 18 होता, देशाचा 32. राज्याची सरासरी चांगली आहे. पण सरासरीत धारणी आणि पुणे एकाच रकान्यात बसतात. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, त्यात घाटरस्ता. अशा ठिकाणी ‘पुढे पाठवा’ हा निर्णय उपचारांना पर्याय ठरू शकत नाही. आधी श्वास आणि साखर सांभाळायची, आकडी थांबवायची, मग रुग्णवाहिका. प्रशिक्षणातला हा भाग 108 च्या डॉक्टरांनाही तितकाच लागू आहे.

परिघावरचे डॉक्टर काय करू शकतात, याचे उदाहरण शोधायला महाराष्ट्राला आफ्रिकेत जायची गरज नाही. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेले, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला. कोकणात विंचूदंशाने मुले दगावणे ही एके काळी नेहमीची गोष्ट होती. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे 30 ते 40 टक्क्यांच्या आसपास असलेले प्रमाण वेळीच गोळी दिल्याने एक-दोन टक्क्यांवर आले. डॉ. बावस्कर यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. पण गोळीइतकेच महत्त्वाचे होते ते खेड्यापाड्यांतील डॉक्टरांना घामाघूम, थंड पडलेले मूल ओळखायला आणि गोळी ताबडतोब द्यायला शिकवणे.

पालकांनी काय लक्षात ठेवावे?

मूल दूध किंवा पाणी घेत नसेल, सगळे उलटून टाकत असेल, आकडी आली असेल, हाक मारूनही नीट जागे होत नसेल, श्वासागणिक छाती आत ओढली जात असेल किंवा ओठ-जीभ निळसर दिसत असेल, तर रांगेत थांबू नये. ‘बाळाला श्वास घेता येत नाही’ किंवा ‘बाळ शुद्धीवर नाही’ असे दिसणारी पहिली परिचारिका किंवा कर्मचारी गाठून स्पष्ट शब्दांत सांगावे. नुसता ‘ताप आहे’ म्हटले तर मूल तापाच्या रांगेत जाते. दोन महिन्यांखालच्या बाळाचा साधा तापही आधी दाखवावा.

आकडी आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात बोट किंवा चमचा घालू नये, पाणी पाजू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. रॉकेल किंवा कीटकनाशक पोटात गेले असेल तर उलटी करवू नये, बाटली सोबत न्यावी. जुलाब होणारे मूल शुद्धीवर असेल आणि पीत असेल तर वाटेत ओआरएस घोट घोट देत राहावे. एका रुग्णालयातून दुसरीकडे पाठवले, तर कोणते औषध किती वाजता दिले ते लिहिलेली चिठ्ठी मागून घ्यावी आणि पोहोचल्याबरोबर ती दाखवावी.